किंग स्ट्रीटची ट्राम आणि मोटारींचा हक्क

पांथस्थ :
कॅनडातील टोरांटोच्या किंग स्ट्रीटवर बाथर्स्ट ते जार्व्हिस या रस्त्यांमधल्या सुमारे अडीच किलोमीटरच्या पट्ट्यात नोव्हेंबर २०१७ पासून मोटारींना बहुतेक चौकांतून सरळ जाता येत नाही. मोटार त्या रस्त्यावर येऊ शकते, पण पुढच्या चौकात तिला उजवीकडे वळून बाहेर पडावे लागते. ट्राम आणि सायकली तेवढ्या सरळ जातात. प्रयोग म्हणून आणलेला हा नियम एप्रिल २०१९ मध्ये शहराच्या परिषदेने कायम केला. ट्राम आणि मोटारी एकाच रस्त्यावर नांदवायच्या असतील, तर याहून स्वस्त उपाय मला दिसत नाही.

ज्यांनी ट्राम रोजच्या वापरात पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी अडचण सांगतो. तीस मीटर लांबीचे हे वाहन बाजूला सरकू शकत नाही. इथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, त्यामुळे डावीकडे वळू पाहणारा मोटारवाला समोरची रांग सरेपर्यंत नेमका रुळांवर उभा राहतो. टोरांटोच्याच कॉलेज स्ट्रीटवर मी हे अनेकदा पाहिले आहे: त्याचा दिवा लुकलुकत असतो, ट्रामचालक घंटा वाजवत असतो, हिरव्याचा लाल होतो आणि मागे उभी असलेली सगळी ट्राम एका माणसाच्या वळणासाठी खोळंबते. किंग स्ट्रीटवर हा खोळंबा काढून टाकताच कामाच्या दिवशीचे ट्रामप्रवासी सुमारे ७२,००० वरून ८४,००० वर गेले.

चारचाकी :
प्रवासी वाढले हे मान्य आहे, परंतु हिशेबाची दुसरी बाजू आपण मांडलेली नाही. त्या रस्त्यावरून पूर्वी दिवसाला वीसेक हजार मोटारी जात असत. त्या हवेत विरल्या नाहीत, त्यांतल्या बऱ्याच शेजारच्या रस्त्यांवर गेल्या. उपाहारगृहवाल्यांचा रागही खोटा नव्हता. जानेवारी २०१८ मध्ये एकाने दारासमोर मधले बोट दाखवणारे बर्फाचे शिल्पच उभे केले होते, आणि त्याची अभिरुची वादग्रस्त असली तरी म्हणणे स्पष्ट होते.

माझा मूळ आक्षेप मात्र वाहनावरच आहे. मोठा हिमवर्षाव झाला की रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग साचतात, मोटारी कडेपासून हातभर बाहेर लागतात आणि अशा एका मोटारीचा आरसा रुळांच्या वाटेत आला, तरी मागे ट्रामांची माळ लागते. बस असती तर वळसा घालून निघून गेली असती. मुंबईने ३१ मार्च १९६४ रोजी ट्राम बंद केली, ती काही तिच्या द्वेषापोटी नव्हे.

सांधेवाला :
दोघेही मोटारींभोवतीच फिरत आहात, म्हणून जरा याच शहरातल्या स्पडायना अव्हेन्यूकडे यावे. तिथे १९९७ पासून ट्रामला रस्त्याच्या मधोमध स्वतंत्र मार्ग आहे; मोटारीचा अडथळा जवळजवळ नाही, तरीही ती रखडतच जाते. कारण असे की, कित्येक चौकांत डावीकडे वळणाऱ्या मोटारींना आधी सिग्नलचा हिरवा बाण मिळतो आणि ट्राम आपल्या मोकळ्या रुळांवर ताटकळते. थांबे तर इतके जवळ आहेत की गाडीने वेग घेण्याआधीच पुढचा येतो.

त्यात सांध्यांची, म्हणजे ट्राम एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते त्या जागांची, भर पडते. टोरांटोतील सांधे एकपाती आहेत, म्हणजे दोन रुळांपैकी एकाच रुळाची पाती हलते, त्यामुळे चालकांना त्यांवरून अगदी रांगत जाण्याचा आदेश असतो. सांधा वळला नाही तर चालक लोखंडी पहार घेऊन खाली उतरतो आणि हाताने पाती सरकवतो. हे दृश्य एकविसाव्या शतकातील आहे, हे मुद्दाम नमूद करतो. सिग्नल आणि सांधे न सुधारता सारा दोष मोटारींवर टाकणे मला अर्धवट वाटते.

पांथस्थ :
सिग्नलचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो. तो मूळ लेखात यायला हवा होता. बसच्या मुद्द्यावर मात्र चारचाकी यांच्याशी सहमत होता येत नाही, कारण ट्रामइतकी माणसे न्यायला एकीच्या जागी दोन-तीन बसगाड्या लागतील आणि त्याही त्याच कोंडीत सापडतील.

वळणाचा प्रश्न मोटारींना हुसकून न लावताही सुटतो, हे मेलबर्नमध्ये दिसते. तिथल्या सुमारे २५० किलोमीटर जाळ्यापैकी जवळपास तीन चतुर्थांश भागात ट्राम मोटारींबरोबरच चालते. वाहतूक भारतासारखीच डावीकडून असल्यामुळे घोळ होतो तो उजव्या वळणाचा. म्हणून मध्यवर्ती भागातील बऱ्याच चौकांत उजवीकडे जाणाऱ्याने आधी रस्त्याच्या डाव्या कडेला जाऊन थांबायचे, आणि आडव्या रस्त्याचा दिवा हिरवा होताना वळायचे असते. रूळ मोकळे राहतात, आणि मोटारवाल्यालाही हव्या त्या दिशेला जाता येते.

चारचाकी :
मेलबर्नचा नियम उद्या आणला तर मी पाळीन. किंग स्ट्रीटवर मात्र ११० डॉलरांचा दंड आणि वाहन परवान्यावर दोन डिमेरिट पॉइंट (नियमभंगाचे दोषगुण) असूनही चौकात कोणी उभे नसले की मोटारी सर्रास सरळ जातात, आणि नियमाप्रमाणे उजवीकडे वळणारा माझ्यासारखा माणूस तेवढा तीन गल्ल्या फिरून येतो.

सांधेवाला :
मग आपली तक्रार ट्रामविषयी नसून चौकात उभ्या नसलेल्या पोलिसाविषयी आहे.