चौदा वर्षांच्या भाचीला आधी काय द्यावं: ‘मृत्युंजय’ की ‘युगान्त’?

पिंपळपान
भाची यंदा नववीत गेली. वाढदिवसाला काय हवं म्हणून विचारलं तर म्हणाली, "मावशी, ते कर्णाचं जाडजूड पुस्तक दे, वर्गात सगळ्या वाचतायत." म्हणजे शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी. पोरगी मराठी पुस्तक मागतेय याचा आनंद झालाच. पण दोनदा दुकानात जाऊन मी रिकाम्या हाती परत आले.

मी ती वाचली पंधराव्या वर्षी, मे महिन्यात, आजोळच्या माळ्यावर. रथामागे धावणारा कर्णाचा धाकटा भाऊ शोण आला आणि मी उशीत तोंड खुपसून रडले. पुढे कितीतरी वर्षं कर्णाविरुद्ध कुणी एक शब्द काढला तरी मी भांडायला उठायची. तिशीत इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’, महाभारतातल्या माणसांवरचे लेख, हाती आलं, तिथून महाभारताच्या मूळ सभापर्वाच्या भाषांतराकडे गेले. द्यूतसभेत द्रौपदीला ‘बंधकी’, म्हणजे वेश्या, म्हणणारा कर्ण आहे. तिची वस्त्रं काढून घे, असं दुःशासनाला सांगणाराही तोच आहे. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, मी ते माफ करून टाकलं होतं. का, तर स्वयंवरात तिने त्याला सूतपुत्र म्हणून हिणवून नाकारलं होतं ना! आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेने जुनी हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तिच्यात तो नकार मूळ संहितेत नाहीच. तिथे धनुष्य न पेलू शकलेल्या राजांत शल्याबरोबर कर्णाचंही नाव येतं.

म्हणजे एवढी वर्षं मी, एक बाई, भर सभेत फरफटत आणलेल्या बाईला मनातल्या मनात थोडं दोषी धरत होते. भाचीचं तसं होऊ नये. म्हणून माझं मत, आधी ‘युगान्त’. तुम्हाला काय वाटतं?

वारणाकाठ
ताई, अजिबात पटलं नाही. चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात ‘युगान्त’ दिलंत तर ती दहा पानांत मिटून ठेवेल आणि कर्णही गेला, इरावतीबाईही गेल्या. ते पुस्तक महाभारत आधी मनात असलेल्या माणसासाठी आहे.

माझं सांगतो. आमच्या घरात पुस्तक म्हणजे पंचांग आणि शाळेची क्रमिक पुस्तकं. गावच्या वाचनालयातली ‘मृत्युंजय’ मी नववीतच आणली. पुठ्ठा निघालेला, पाठीला खळीने खाकी कागद चिकटवलेला. आईला वाचता येत नव्हतं. ती रात्री बियाण्याच्या शेंगा फोडायची आणि मी कंदिलाशेजारी मोठ्यानं वाचायचो. ‘सूतपुत्र’ शब्दाचा अर्थ तिला सांगावा लागला नाही. कुणाच्या ओसरीवर कुठवर जायचं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. अंगात गुण असून जन्मावरून मागे ओढलेला माणूस पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं बोलत होता. आजऱ्यात जन्मलेल्या, कोल्हापुरात शाळेत शिकवणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या माणसानं ते लिहिलं, याचं मला आजही अप्रूप आहे. त्या पुस्तकानं मला वाचक केलं. भाचीला तेच द्या.

अक्षता
पिंपळपानशी सहमत, आणि माझी तक्रार आणखी पुढची आहे. कादंबरीत सहा जण बोलतात. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण. यात बायका दोन, एक कर्णाची आई, दुसरी बायको. जिच्यावर अन्याय झाला तिला बोलायला एक पान नाही. सभेतला प्रसंग येतो तोवर आपण कर्णाच्या कातडीत शिरलेलो असतो, त्याची स्वयंवराची जखम आपली झालेली असते. मग तो वाईट बोलला तरी ‘बिचारा!’ असंच मनात येतं. ‘मी’ म्हणून सांगितलेल्या गोष्टीची ताकद ती हीच, पण चौदाव्या वर्षी ही ताकद ओळखता येत नाही. मलाही आली नव्हती.

संबळ
चिकित्सक आवृत्तीचा दाखला इथे मोजपट्टीसारखा वापरलाय, तो मला खटकला. 1919 ते 1966, जवळजवळ पन्नास वर्षं, 1259 हस्तलिखितं ताडून ती आवृत्ती झाली. त्या कामापुढे हात जोडतो. पण ती सांगते ते इतकंच की सर्वांत जुना हाती लागणारा पाठ कुठला. लोकांनी कर्ण कसा जपला हे तिला विचारून उपयोग नाही.

आमच्याकडे लग्नाच्या गोंधळात जांभूळ आख्यान रात्रभर चालायचं. लोकशाहीर विठ्ठल उमपांमुळे ते शहरातही पोचलं. त्यात द्रौपदीच्याच मनात कर्ण येतो, आणि झाडावरून तुटलेलं जांभूळ पुन्हा देठाला लागायचं तर तिला ते कबूल करावं लागतं. हे व्यासांत कुठे आहे? कुठेच नाही. तरी संबळाच्या ठेक्यावर म्हाताऱ्या बायका डोळे पुसताना मी पाहिल्यात. त्याआधी संस्कृत नाटककार भासाने ‘कर्णभार’ नाटकात आपला कर्ण उभा केला. सावंत त्याच रांगेतले. आणि कल्पनाच नको असेल तर ‘युगान्त’ही बाजूला ठेवावं लागेल. महाप्रस्थानात, म्हणजे पांडवांच्या शेवटच्या प्रवासात, द्रौपदी कोसळते, भीम तिच्यापाशी येतो आणि पुढच्या जन्मी तू थोरला हो, असं ती त्याला म्हणते. हा संवाद इरावतीबाईंचा स्वतःचा आहे.

अक्षता
संबळ, जांभूळ आख्यानाचा मुद्दा मान्य. पण त्या संवादाआधी इरावतीबाई काय करतात ते पाहा. इथवरचं विवेचन संशोधित (म्हणजे त्याच चिकित्सक) आवृत्तीवर आधारलेलं आहे आणि यापुढची ही माझी ‘नरोटी’, असं त्या वाचकाला सांगतात. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी, शब्द एकनाथांकडून घेतलेला. मानवशास्त्राच्या एवढ्या मोठ्या अभ्यासक बाई, आपल्याच लिखाणातल्या सर्वांत हळव्या पानाला करवंटी म्हणतात! कुठे ग्रंथ संपला आणि कुठे मी सुरू झाले, ही रेघ त्यांनी ओढली. कादंबरीत ती रेघ नसते. कितीतरी लोक वृषाली आणि शोण ही व्यासांचीच पात्रं समजतात.

सायंतारा
या वादात महाभारतातल्या व्यक्तींवरच्या दुर्गाबाई भागवतांच्या ‘व्यासपर्वा’ची (1962) आठवण कुणालाच कशी नाही? लेख छोटे आहेत, भाषा अशी की मोठ्यानं वाचावी. एवढंच सांगायला आले.

वारणाकाठ
अक्षताताई, रेघेचं तुम्ही बरोबर सांगितलंत. मी स्वतः तीस वर्षं शोणला महाभारतातला समजत होतो, हे खरं आहे. पण ‘बिचारा!’ हे मान्य नाही. आम्ही सभेच्या प्रसंगापर्यंत आलो त्या रात्री आईचे हात थांबले. मांडीवरचं सूप तिनं खाली ठेवलं आणि म्हणाली, "तिला असं बोलाय नगं हुतं त्येनं." तोवरच्या सगळ्या रात्री कर्णाची बाजू घेऊन ऐकत होती ती. मूळ महाभारत तिच्यापर्यंत कुणी आणलं नव्हतं, चिकित्सक आवृत्ती तर नाहीच. तिला ते त्याच कादंबरीतून कळलं. दोन दिवस ती कर्णावर रुसली होती, मग स्वतःच म्हणाली, "वाच म्होरं." मुलींना आपण समजतो त्याहून जास्त दिसतं, ताई. भाचीलाही दिसेल.

पिंपळपान
तुमच्या आईंचं सूप खाली ठेवणं दोन दिवस डोळ्यांपुढून हललं नाही. माळ्यावर मी एकटीने वाचत होते, मोठ्याने बोलून दाखवायला कुणी नव्हतं, माझ्या बाबतीत कदाचित तेच कमी पडलं. अक्षता म्हणतात तो सहा आवाजांचा मुद्दा मी सोडलेला नाही आणि तो मी भाचीला सांगणार आहे, पण सभेचं पान ती वाचून झाल्यावर.

आज ‘मृत्युंजय’ घेतली. दिवाळीत ती आमच्याकडे आठ दिवस राहायला येते, तेव्हा सभेपासून पुढचं आम्ही दोघी मिळून मोठ्यानं वाचू. ‘युगान्त’ माझ्या उशाशी आहे. तिने मागितलं तर लगेच देईन.

वारणाकाठ, एक विचारते. शेवटचा भाग कृष्ण सांगतो, तो आईंनी कसा ऐकला?

वारणाकाठ
नाही ऐकला. कर्णाच्या रथाचं चाक रुतलं तिथं तिनं मला थांबवलं. "मरतोय त्यो, ठावं हाय मला. र्‍हायल्यालं तू वाच मनात." आणि कंदिलाची वात तेवढी वर करून दिली.