‘ऑक्झिलरी’ला मराठीत काय म्हणाल?

मृण्मयी: अमेरिकेतल्या ‘ऑर्डर ऑफ द ईस्टर्न स्टार’च्या एका चॅप्टरचा इतिहास मराठीत करते आहे. फ्रीमेसन म्हणजे गुप्त विधी पाळणाऱ्या एका बंधुसंघटनेचे सभासद; ते आणि मुख्यतः त्यांच्या घरच्या बायका यांची ही संघटना. रॉब मॉरिस यांनी १८५० मध्ये तिचे विधी रचले, १८७६ मध्ये इंडियानापोलिसला ‘जनरल ग्रँड चॅप्टर’ ही मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. तिला ‘ऑक्झिलरी’, म्हणजे मुख्य संघटनेला जोडलेली संस्था, म्हणतात. त्यासाठी मी ‘पूरक संस्था’ लिहिलं, तर संपादक म्हणतात, दुय्यम वाटतं. शिवाय प्रमुख बाई ‘वर्दी मेट्रन’ (Worthy Matron). आपल्याकडे मेट्रन म्हटलं की इस्पितळ नाहीतर वसतिगृहच डोळ्यांपुढे येतं!

बापट_सातारा: ‘सहायक संस्था’. सोपं आहे.

कोल्हापुरी: ‘चॅप्टर’चं आधी बघा. आमच्याकडे ‘लई चॅप्टर आहे’ म्हणजे बेरकी माणूस. ‘शाखा’ लिहा.

सुमेधा: ‘सहायक’ नको. सहाय्य कोण कोणाला करतंय? आजाऱ्यांची विचारपूस, विधवा-अनाथांना आधार, सभासदांसाठी वृद्धाश्रम, शिष्यवृत्त्या, हे सगळं या बायकांनी उभं केलं. वॉशिंग्टनला तर १८७४ मध्ये कृष्णवर्णीय बायकांचं ‘क्वीन एस्थर चॅप्टर’ सुरू झालं, कारण गोऱ्यांच्या चॅप्टरांची दारं त्यांना बंद होती. त्यांना ‘पूरक’ म्हणायला माझा हात धजत नाही.

बापट_सातारा: भावना समजली, पण अर्थ बदलू नये. तिथला ‘वर्दी पेट्रन’ हा पुरुष पदाधिकारी फ्रीमेसनच लागतो, आणि बायकांनाही मुख्यतः फ्रीमेसनाच्या नात्यावर प्रवेश. हे अवलंबन भाषांतरात दिसलंच पाहिजे.

सुमेधा: मग ते वाक्यात सांगा, नावावर कशाला लादता? १९०४ मध्ये मुंबईत सामाजिक परिषदेच्या जोडीनं बायकांची परिषद भरली, रमाबाई रानडे अध्यक्षा होत्या. तिचं नाव ‘भारत महिला परिषद’. ‘पूरक’बिरक काही नाही.

नातूकाका: फ्रीमेसनांच्या लॉजला, म्हणजे बैठकीच्या जागेला, फारसीत ‘फरामोशखाना’ म्हणतात, विसरण्याचं घर. माझ्या मते ‘फ्रीमेसन’च कानाला ‘फरामोश’ ऐकू आलं असावं. आत काय घडलं ते बाहेर येताना विसरायचं, असा अर्थही छान बसतो.

कोल्हापुरी: काका, छान बसतो म्हणूनच मला शंका येते.

मृण्मयी: ‘वर्दी मेट्रन’चं काय करू? सध्या ‘मान्यवर अध्यक्षा’ ठेवलंय.

बापट_सातारा: ‘अध्यक्षा’ कशाला? ‘अध्यक्ष’ पद आहे, त्याला लिंग नाही.

सुमेधा: रमाबाईंना ‘अध्यक्ष’ म्हणालात की वाचकाच्या मनात पगडीवाले गृहस्थ उभे राहतात. ‘अध्यक्षा’च.

बापट_सातारा: मग ‘सचिवा’ म्हणणार का? ‘खजिनदारीण’?

कोल्हापुरी: खजिनदारीण आमच्या गावच्या बचत गटात रोज म्हणतात. काय बिघडलं?

नातूकाका: ‘खजिना’ मुळात अरबी, ‘दार’ फारसी आणि ‘ईण’ आपली. तिन्ही भाषा एका बाईकडे नांदताहेत.

बापट_सातारा: नांदू देत, पण सरकारी पत्रात ‘खजिनदार’च लिहितात, आणि तेच प्रमाण.