फीचे पैसे पोरांच्या खात्यात की कॉलेजच्या? एकदा नीट बोलूया

करवीरकर

दोन दिवस एक मजकूर ग्रुपाग्रुपात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: "भारत सरकार शिष्यवृत्तीची फी पोरांच्या खात्यात पडते, पोरं मोबाईल घेतात, कॉलेजांचे पगार थकतात. सगळा पैसा पूर्वीसारखा थेट कॉलेजला द्या."

वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. "पूर्वीसारखा" म्हणजे कसा, हे लिहिणाऱ्याने विसरू नये. महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल, २०१७-१८ ला आलं. त्याआधी पैसा संस्थांच्या हातून जायचा, आणि पटावर बोगस नावं दाखवून शिष्यवृत्ती उचलल्याच्या तक्रारींसाठी राज्याला विशेष तपास पथक नेमावं लागलं. खात्यात थेट पैसे देण्याची पद्धत उगाच आलेली नाही.

दुसरं, पोराच्या खात्यात पडतं काय ते तरी बघा. २०२१ पासून अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत, म्हणजे याच भारत सरकार शिष्यवृत्तीत, केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. केंद्राचा वाटा आधार जोडलेल्या खात्यात सरळ येतो, राज्याचा वेगळा येतो. समजा फी ६०,००० आहे. एक तुकडा ३६,००० चा आणि एक २४,००० चा, दोन वेगळ्या तारखांना. खात्यात आल्यापासून सात दिवसांत फी कॉलेजात भरायची असा नियम आहे. त्याच खात्यात निर्वाहाची रक्कमही येते. इंजिनिअरिंगसारख्या पहिल्या गटातल्या वसतिगृहातल्या पोराला वर्षाला १३,५००, घरून येणाऱ्याला ७,०००. बँकेचा मेसेज नुसता आकडा सांगतो. त्यातली फी किती आणि जेवणाखाण्याचे किती, हे पोरानं कसं ओळखायचं? आणि ओळखता आलं नाही म्हणून त्याला चोर म्हणायचं?

फी_काउंटर

मला संस्थेचा माणूस म्हणा, चालेल. पण तुम्ही सोपी बाजू मांडलीत. अवघड बाजू शेवटच्या वर्षाची आहे.

पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा पोरगा पुढच्या जूनला परत येतो, तेव्हा मागची फी मागता येते. शेवटच्या वर्षाच्या पोराचा निकाल लागतो, तो दाखला घेऊन पुण्याला नोकरीला जातो आणि केंद्राचा हप्ता त्यानंतर कधीतरी खात्यात पडतो. सात दिवसांचा नियम तुम्ही सांगितलात. तो मोडला तर कॉलेजने करायचं काय? पोलिसात जायचं? विनाअनुदानित कॉलेजात प्रयोगशाळेच्या मदतनिसापर्यंत सगळ्यांचे पगार त्याच फीतून होतात. मोबाईलचा टोमणा चुकीचा होता, तेवढं मान्य. बुडलेली फी मात्र खरी आहे.

करवीरकर

म्हणून हॉलतिकीट अडवायचं? शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलाकडून प्रवेशाच्या वेळी ती फी मागायची नाही, असे आदेश शासनाने वेळोवेळी काढलेत. तरीही काउंटरवर "आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ" हे वाक्य ऐकू येतंच. बाप सोनं गहाण टाकून भरतो. परतावा घ्यायला पोरगं किती खेपा घालतं याची नोंद कुणी ठेवतं का?

पंचगंगाकाठ

दोघांचंही बरोबर आहे, पण अर्धे पैसे वाटेतच अडकतात त्यावर कुणी बोलत नाही. ज्यांच्या घरी पोरंपोरी आहेत त्यांनी हे नीट वाचा.

बँकेत आधार "लिंक" असणं आणि "सीडिंग" असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँक केवायसीसाठी आधार लावते, ते लिंकिंग. ते सीडिंग एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या मॅपरवर, म्हणजे आधार आणि बँकेच्या यादीत, होतं. शिष्यवृत्ती येते ती त्या यादीत तुमच्या आधारापुढे ज्या बँकेचं नाव आहे तिथे. अर्जात कुठला खाते क्रमांक लिहिलाय याने फरक पडत नाही. शेवटचं सीडिंग जिथे केलं तिथे पैसे जातात. मधे कुणी मोबाईलवर नवीन खातं उघडताना संमतीची खूण केली की मॅपर बदलतो आणि पोरगं जुन्या पासबुकात वर्षभर एन्ट्री शोधत बसतं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते. बँकेचं नाव आणि "ॲक्टिव्ह" हा शब्द, दोन्ही बघा.

दुसरा घोळ शून्य शिलकीच्या खात्याचा. पूर्ण केवायसी नसलेलं "स्मॉल अकाउंट" असेल तर वर्षाला एक लाखापेक्षा जास्त जमा होत नाहीत, शिल्लक पन्नास हजारांवर ठेवता येत नाही आणि महिन्याला दहा हजारच काढता येतात. फीचा मोठा हप्ता अशा खात्यावर आला तर तो एकदम काढून फी भरता येत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर अज्ञान खातं बदलून घेतलं नसेल तरी त्रास होतो. शाखेत जाऊन पूर्ण केवायसी करा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

आणि अर्ज भरून मोकळं होऊ नका. महाडीबीटीवर अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग विभागाच्या. त्रुटी निघाली की "सेंड बॅक" होतो आणि दुरुस्तीची मुदत संपली की वर्ष गेलं. आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघायचंच. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी "नूतनीकरण" निवडायचं नाही. अभ्यासक्रम बदलला की अर्ज नवीनच.

नोकरदार_बाप

ताई, माहिती चांगली दिलीत. पण मूळ अन्याय वेगळाच आहे. आठ लाखांच्या मर्यादेबद्दल कुणी का बोलत नाही? शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला, म्हणजे ईबीसीला, आठ लाख. २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्काची जी पूर्ण माफी आहे, तिलाही आठ लाख. पगारदाराचा फॉर्म १६ समोर असतो, एक रुपया लपत नाही. भविष्यनिर्वाह निधी कापून, घराचा हप्ता भरून हातात काय उरतं ते कुणी विचारत नाही. आणि शिरोळ-हातकणंगल्यात पन्नास-पन्नास टन ऊस काढणारे तलाठ्याच्या अहवालावर लाखाचा दाखला आणतात. प्रामाणिक माणसाच्या पोरीला पूर्ण फी आणि बाकीच्यांना माफी!

खोडवा

नोकरदार साहेब, जरा दमानं. ऊस बघून बोलताय का नुसता ट्रॅक्टर बघून?

हिशेब मांडूया. दोन एकर म्हणजे ऐंशी गुंठे. एकरी चाळीस टन धरा, म्हणजे ऐंशी टन. टनाला ३,१०० धरले तर दोन लाख अट्ठेचाळीस हजार. ही नुसती आवक झाली. त्यातनं नांगरट, बियाणं, भरणी, खत, पाणीपुरवठा संस्थेची पट्टी, सोसायटीचं कर्ज. सोसायटीचे पैसे तर बिलातनंच कापून घेतात. आडसाली लावली तर सोळा-अठरा महिन्यांनी बिल येतंय, दर वर्षी न्हाई. आणि पन्नास टनाचं बोलताय? पन्नास टन म्हणजे दीड लाखाची आवक. खर्च वजा केल्यावर त्याला लाखाचा दाखला मिळाला तर खोटं काय त्यात?

आठ लाखाच्या वर जायला अडीचशेपेक्षा जास्त टन पाहिजेत, म्हणजे साडेसहा एकर ऊस, आन तोही दर वर्षी तुटणारा. आमच्याकडं भावाभावांत वाटण्या होऊन किती जणांकडं तेवढं रान राह्यलंय? फॉर्म १६ खरा असंल तुमचा, पण शेतकऱ्याला खोटं म्हणायचा अधिकार कुणी दिला तुम्हाला?

नोकरदार_बाप

सगळ्या शेतकऱ्यांना खोटं म्हटलेलं नाही. शब्द तोंडात घालू नका. दुधाचं धरलंत का? दर दहा दिवसाला दूधबिल खात्यावर जमा होतं, ते दाखल्यात येतं का? दहा एकरवाला आणि दोन एकरवाला एकाच लाखाच्या दाखल्यावर बसतात, माझा राग त्यावर आहे. ई-पीक पाहणी २०२१ पासून आहे, सात-बारावर पीक दिसतं, कारखान्याकडे टनाची नोंद आहे, दूध संघाकडे लिटरची. हे सगळं जोडायला काय अडचण आहे?

खोडवा

जोडा की. खुशाल जोडा. पण चारा, पेंड, डॉक्टर, भाकड काळ हा खर्चबी जोडा. निव्वळ उत्पन्न धरा. मग दोन म्हशीवाला कुठं बसतोय ते दिसंल.

पंचगंगाकाठ

आवाज खाली घ्या दोघांनीही. तुम्ही दोन वेगळे कागद एकात मिसळताय. नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे मागासवर्गातल्या सधन गटात नसल्याचा दाखला, ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. तहसीलदाराच्या उत्पन्न दाखल्यात दोन्ही धरतात. मर्यादा दोन्हीकडे आठ लाख दिसते म्हणून लोक एकाच्या जागी दुसरा कागद अपलोड करतात आणि अर्ज परत येतो. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतचा असतो. जुना जोडू नका.

दादा, तुमच्या रागात खरा मुद्दा वेगळाच आहे. आठ लाखाला एक रुपया कमी तर मुलीला पूर्ण माफी, एक रुपया जास्त तर शून्य. हा कडा आहे. तिथे टप्पे हवेत, शंभर, पंचाहत्तर, पन्नास टक्के असे. ते मागा. शेजाऱ्याचा दाखला फाडून तुमची फी कमी होणार नाही.

आणि मुलींच्या पालकांनो, ही माफी कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, मिळालेल्या जागेलाच आहे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था पातळीवर प्रवेश घेतला, अभिमत विद्यापीठात घेतला, तर मिळत नाही. "जागा पक्की करून टाकू" म्हणून घाई करू नका. मुलांना ईबीसीत खासगी कॉलेजात शिक्षण शुल्काच्या निम्मी रक्कम मिळते. विकास शुल्क त्यात येत नाही, तेव्हा "निम्मी फी" म्हणजे पावतीवरच्या एकूण आकड्याच्या निम्मी असं धरू नका. एका घरातल्या दोनच अपत्यांना लाभ आहे.

नोकरदार_बाप

टप्प्यांचं पटलं. पन्नास टनाचा आकडा मी जास्त फुगवून वापरला, तो मागे घेतो. मोठ्या बागायतदारांबद्दल बोललो ते मागे घेत नाही.

गडहिंग्लजकर

चर्चा उसात शिरली आणि राहायचं-खायचं तसंच राहिलं. फी माफ झाली तरी चंदगड-आजऱ्याचं पोरगं कोल्हापुरात राहणार कुठे?

शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजना आहे. रक्कम शहराच्या वर्गाप्रमाणे बदलते, मधल्या वर्गाच्या महापालिका क्षेत्राला वर्षाला ५१,०००. भोजनाचे २८,०००, निवासाचे १५,०००, निर्वाहाचे ८,०००. दहा महिने धरले तरी निवासाला महिन्याला १,५०० पडतात. राजारामपुरीत कॉट बेसिसवर चौकशी करून या आणि मग सांगा पुरतात का.

ज्या गावाला वसतिगृहांची जननी म्हणतात त्या गावाची ही गोष्ट आहे. १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. शाहू महाराजांनी जागा दिल्या, इमारती दिल्या, वार्षिक अनुदान दिलं. कारण फी माफ करून पोरगं शिकत नाही, त्याला अंथरूण आणि दोन वेळचं ताट लागतं, हे त्यांना कळलं होतं. पैसा कॉलेजला की खात्यात हे भांडण चालू द्या, पण खाटांची संख्याही वाढवा.

फी_काउंटर

याला विरोध नाही. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. शेवटचं वर्ष.

करवीरकर

देतो. शेवटच्या वर्षाचे अर्ज कॉलेजच्या लॉगिनला आले की सगळ्यात आधी तपासा आणि पुढे पाठवा. तुमच्याच टेबलावर अर्ज दोन-दोन महिने पडला तर हप्ता उशिरा येणारच, आणि तो दोष पोराचा नाही. पावतीवर फी आणि निर्वाह वेगळे लिहून द्या, म्हणजे खात्यात आलेल्या आकड्यातलं कॉलेजचं किती ते घरी कळेल. दाखला देताना साध्या कागदावर हमीपत्र घ्या, चालू मोबाईल नंबर घ्या. हॉलतिकीट आणि गुणपत्रक अडवायचं नाही. आणि हो, केंद्राचा हप्ता निकालाच्या आधी आला पाहिजे ही तुमची मागणी रास्त आहे. त्यासाठी निवेदन द्यायला विचारे माळावर सामाजिक न्याय भवनात मीही येतो.

फी_काउंटर

हमीपत्राने पैसे वसूल होत नाहीत. पण अर्ज कॉलेजात पडून राहतात हे खरं आहे, तेवढं मान्य करतो. निवेदनात दोन्ही लिहा. एकट्या कॉलेजच्या नावाने शंख नको.

खोडवा

निवेदनात सीडिंगचंबी घाला. गावातल्या शाखेत फॉर्म घेतात, पोच देत न्हाईत. पोरगं महिनाभर वाट बघतंय आन मॅपरवर जुन्याच बँकेचं नाव.

पंचगंगाकाठ

पोच देत नसतील तर अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का मागा. आठ दिवसांनी स्थिती तपासा. बदलली नसेल तर पोस्ट पेमेंट्स बँकेत खातं काढा, पोस्टमन बोटाचा ठसा घेऊन खातं उघडतो. उघडतानाच आधार सीडिंगची संमती द्यायला विसरू नका. मात्र त्यानंतर घरात कुणी त्या पोराच्या आधारावर दुसरं खातं उघडू नका, निदान हप्ता येईपर्यंत.