शब्दचर्चा: 'एम्बॅरसमेंट'ला मराठीत काय म्हणाल?

बोरूबहाद्दर: आरंभीच्या ख्रिस्ती धर्मावरचा एक लेख मराठीत आणतोय. त्यात 'क्रायटेरियन ऑफ एम्बॅरसमेंट' आलंय. सांगणाऱ्यालाच अडचणीची असलेली गोष्ट तो पदरची कशाला घालेल, म्हणजे ती घडली असावी, असा तर्क. उदाहरण येशूच्या बाप्तिस्म्याचं, म्हणजे योहानाने त्याला पाण्याने दिलेल्या दीक्षेचं. पापं धुण्याचा हा विधी येशूला कशाला, आणि तोही दुसऱ्याच्या हातून, ही अडचण. येशूच्या चरित्रकारांपैकी बहुधा सर्वांत आधीचा मार्क सरळ सांगून टाकतो. नंतरच्या मत्तयात योहान आधी आढेवेढे घेतो. लूक तर योहानाला तुरुंगात टाकून मग बाप्तिस्म्याचा उल्लेख करतो! मी 'लज्जानिकष' लिहिलं, तर संपादकबाईंना लाजाहोम आठवला.

माजघर: 'पंचाईत' घ्या की. अवचित पाहुणे आले आणि डब्यात साखर नसली की आमची आजी म्हणायची, "पंचाईत झाली गं बाई." मत्तय-लूकांचं तेच झालं.

शुद्धमती: पंचाईत म्हणजे पंचांचा निवाडा. 'संकोचनिकष' करा, सुटसुटीत आहे.

माजघर: संकोच दुसरा लाडू घेताना वाटतो हो! आणि पंचांपुढे साक्षच होते ना? मग झालं तर.

वसईवाला: मधेच बोलतो. आमच्याकडे बाप्तिस्म्याला 'स्नानसंस्कार'ही म्हणतात.

शुद्धमती: बघा! मग 'बाप्तिस्मा' कशाला?

जुना_कागद: शब्द राहू द्या, तर्क तपासा. बखरकार धन्याची फजिती कबूल करतो तेव्हा आपणही कान टवकारतोच. पण फजिती कुणाच्या लेखी? मार्क अवघडलेला दिसत नाही, अवघडले ते नंतरचे. त्यांची अडचण आपण पहिल्याच्या माथी मारतो. क्रूसाचंही तेच. आरंभीचा धर्मप्रचारक पौल करिंथकरांना लिहितो की तो यहूद्यांना अडखळण आहे, आणि गलतीकरांना सांगतो की मी त्याचाच अभिमान बाळगतो. आता ही लपवायची गोष्ट की मिरवायची? ते ठरल्याशिवाय निकष लावणार कुठे?

बोरूबहाद्दर: अडखळण! 'अडखळणीचा निकष' कसं वाटतं?

शुद्धमती: तिथे मूळ ग्रीक 'स्कांदालोन' आहे. अर्थ सापळ्याकडे जातो, एम्बॅरसमेंटकडे नाही.

माजघर: मग लाडू ग्रीक आहे का ते पण सांगा.

बोरूबहाद्दर: मंडळी, मला उद्या मजकूर द्यायचाय.

वसईवाला: शुद्धमतीताई, बाप्तिस्म्याचं मूळही ग्रीकच, 'बुडवणे'. पण आमच्या चर्चमध्ये बाळाच्या डोक्यावर नुसतं पाणी ओततात. बुडत कुणी नाही. तरी शब्द चालतोच ना?

शुद्धमती: म्हणून तर स्नानसंस्कार!