तारांची चिठ्ठी: व्हिओला, व्हिओलाँव की गितारा?

पेटीवाला, कुडाळ
माझं पेट्या आणि गिटारी दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळीनंतर जत्रा सुरू होतील, म्हणून दशावताराच्या पेट्या स्वर लावायला येऊन पडल्यात. पण अडलोय एका गिटारीपाशी. गिऱ्हाईक बांद्याचं, गिटार जुनी, नायलॉनच्या तारांची. त्यांची बहीण लिस्बनहून नाताळात येतेय, तारा तीच आणणार. चिठ्ठी मी लिहून द्यायची. यूट्यूबवर ब्राझीलचे मास्तर असल्या गिटारीला 'व्हिओलाँव' म्हणतात, पोर्तुगालचे 'व्हिओला'. व्हिओला तर व्हायोलिनची थोरली बहीण ना? दोन्हीकडे भाषा एकच, पोर्तुगीज, मग लिहू काय?

दर्यावर्दी, मालवण
दादा, नुसतं 'गितारा' तेवढं लिहू नका. मी बोटीवर असताना लिस्बन आणि ब्राझीलचं सांतोस, दोन्ही बंदरांत उतरलोय, आणि उतरलो की पहिली वाट वाद्यांच्या दुकानाची.

लिस्बनच्या आल्फामा या जुन्या वस्तीत फादो, म्हणजे तिथली पारंपरिक गाणी, ऐकायला बसलात की गाणाऱ्या बाईच्या मागे दोन वादक दिसतील. एकाच्या मांडीवर नासपतीच्या घाटाचं वाद्य, 12 पोलादी तारा, जोडीजोडीनं लावलेल्या. माथ्यावर पंख्यासारखे पसरलेले बारीक स्क्रू, तारा त्यांनीच पिळायच्या. ही त्यांची 'गितारा'. कुइंब्रा शहरात हीच गितारा लिस्बनपेक्षा एक पूर्ण स्वर खाली लावतात. दुसऱ्या वादकाकडे आपल्या ओळखीची सहा तारांची गिटार, आणि फादोवाले तिला म्हणतात 'व्हिओला'. दोघांचं वाजवणं एकमेकांत असं मिसळतं की उठवत नाही.

ब्राझीलमध्ये 'गितारा' म्हटलंत की इलेक्ट्रिक गिटार. साधी ती 'व्हिओलाँव', म्हणजे थोरली व्हिओला. आणि तिथली 'व्हिओला' वेगळीच: साओ पाउलो, मिनास जेराइसच्या खेड्यापाड्यांतली व्हिओला काइपीरा, 10 तारा, पाच जोड्या. हे वाद्य पोर्तुगालमधूनच गेलेलं. तिकडे उत्तरेला ब्रागाकडे व्हिओला ब्राग्वेसा अजून वाजते. अझोर्स बेटांवर व्हिओला दा तेरा, तिच्या पोटावर पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची दोन भोकं. गजानं वाजवायची ती तुमची व्हायोलिनची बहीण पोर्तुगालमध्ये 'व्हिओला द आर्कू'.

तुम्ही लिहा: 'गितारा क्लासिका, नायलॉन, सहा तारा'. मग दुकानदार चुकायचा नाही.

सातार्डेकर
आमच्याकडे सीमेपलीकडे गोव्यात जुनी ख्रिश्चन मंडळी व्हायोलिनला 'रेबेक' म्हणतात, ते पोर्तुगीज 'राबेका'वरून. ब्राझीलच्या ईशान्य भागात राबेका म्हणजे गावठी घडणीचं, खरखरीत आवाजाचं व्हायोलिन. गोव्यात मांडो ही कोंकणी गाणी गाताना रेबेक आणि घुमट हे मातीचं तालवाद्य जोडीनं वाजतात, ते एकदा ऐकाच.

रेवदंडा
शेजारच्या कोर्लईत पोर्तुगीजमधून निघालेली बोली ख्रिश्चनांच्या घराघरांत चालते, त्यामुळे या विषयाची मला ओढ. पेटीवाल्यांना भात्याची वाद्यं जवळची, म्हणून सांगतो. ब्राझीलच्या ईशान्येला अ‍ॅकॉर्डियन म्हणजे 'सांफोना'. तिथले नामांकित गायक लुईझ गोंझागा गळ्यात अडकवायचे तीच. दक्षिणेच्या रिओ ग्रांदे दो सूलमध्ये तिलाच 'गाइता' म्हणतात, आणि ब्राझीलमध्ये इतरत्र गाइता म्हणजे माउथ ऑर्गन! पोर्तुगालमध्ये 'गाइता द फॉलश' ही कातडी पिशवीची बॅगपाइप, आणि 'सांफोना' म्हणजे मूठ फिरवून वाजवायचं तंतुवाद्य. ऑनलाइन सुटे भाग मागवताना आधी विकणारा कुठला ते बघा.

पेटीवाला, कुडाळ
दर्यावर्दीकाका, मोठं काम केलंत. 'गितारा' लिहून पोलादी तारा आल्या असत्या आणि कुणी त्या चढवल्या असत्या, तर ताणानं घोडीच, म्हणजे तारा बांधायची पोटावरची पट्टी, उखडली असती. या गिटारीची घोडी आधीच एका बाजूनं सुटायला आलीय. चिठ्ठीत अजून एक घालतो: तारेच्या टोकाला मणी नको, साधं टोक हवं, कारण हिच्यावर गाठ मारून बांधायच्या आहेत. सोबत घोडीचा जवळून काढलेला फोटो देतो. सातार्डेकर, मांडोचं एखादं चांगलं रेकॉर्डिंग असेल तर इथे टाका.