मदत हवी आहे: मराठी त्रैमासिकासाठी पीडीएफ/ए, पीडीएफ/एक्स की पीडीएफ/यूए?

नमस्कार.

पुण्यातील एका छोट्या संस्थेच्या त्रैमासिकाचे संपादन आणि मांडणी मी पाहतो. आजवर प्रत्येक अंकाची एकच पीडीएफ तयार होत असे आणि तीच सगळीकडे जात असे. आता नारायण पेठेतल्या छापखान्याने पीडीएफ/एक्स-१ए मागितली आहे, अंक कायमस्वरूपी जतन करणाऱ्या ग्रंथालयाला पीडीएफ/ए हवी आहे आणि काही दृष्टिहीन वर्गणीदारांना स्क्रीन रीडरवर नीट वाचता येणारी प्रत हवी आहे, जिच्यासाठी पीडीएफ/यूए हे नाव सुचवण्यात आले.

ही वेगळी फाइल-स्वरूपे नसून मूळ पीडीएफवर त्या त्या कामासाठी घातलेली बंधने आहेत, एवढे वाचनातून कळले. पीडीएफ/ए मध्ये फॉन्ट फाइलमध्येच अंतर्भूत असावे लागतात आणि पासवर्ड, जावास्क्रिप्ट, ध्वनी, चित्रफीत यांना मज्जाव असतो, हेही पटते. गोंधळ होतो तो त्यापुढच्या एक ते चार या भागांचा आणि ए, बी, यू या पातळ्यांचा. ग्रंथालयाच्या पत्रात यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. तिन्ही गरजा एकाच फाइलने भागतील का आणि ग्रंथालयाला नेमके काय द्यावे, हे जाणकारांनी सांगावे. शिवाय आमचे जुने अंक युनिकोडपूर्व (म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला ठराविक संकेतांक देणारी युनिकोड पद्धत रूढ होण्याआधीच्या) फॉन्टमध्ये जुळवलेले आहेत. पडद्यावर ते निर्दोष दिसतात, पण मजकूर कॉपी केला की हाती रोमन अक्षरांची खिचडी येते. त्यांचे काय करावे? मांडणी इनडिझाइनमध्ये होते.

प्रतिसाद १

एकच फाइल एकापेक्षा जास्त मानकांत बसू शकते. ए आणि यूए यांची जोडी तर सर्रास जमते. छपाईची प्रत मात्र वेगळीच ठेवावी असे माझे मत आहे. एक्स-१ए मध्ये रंग सीएमवायके (छपाईच्या चार मूळ शाया) किंवा स्पॉट (आधीच मिसळलेली खास शाई) असावे लागतात आणि पारदर्शकता चालत नाही, त्यामुळे सावल्या वगैरे आधीच सपाट कराव्या लागतात. छापखान्याची यंत्रणा नवी असेल तर एक्स-४ चालेल का, हे एकदा विचारून घ्या. त्यात पारदर्शकता जशीच्या तशी राहते.

ग्रंथालयासाठी २००५ चा पहिला भाग आता धरून बसण्याचे कारण नाही, कारण तो पीडीएफ १.४ वर बेतलेला आहे. २०११ चा दुसरा भाग पुरेसा आहे. तिसऱ्या भागाचे वैशिष्ट्य एवढेच की त्यात कोणत्याही प्रकारची फाइल जोडता येते. बी पातळी फक्त दिसण्याची हमी देते, यू पातळीत प्रत्येक अक्षराची युनिकोडशी सांगड लागते आणि ए पातळीत त्याशिवाय शीर्षके, परिच्छेद, वाचनक्रम यांचे टॅग (फाइलमधील ओळखखुणा) असावे लागतात. दृष्टिहीन वाचकांचा विचार असल्याने तुम्ही २ए (दुसरा भाग, ए पातळी) आणि यूए यांवरच लक्ष द्यावे. इनडिझाइनमधून टॅगसह पीडीएफ काढून अक्रोबॅट प्रोच्या प्रीफ्लाइट या तपासणी-दुरुस्तीच्या सोयीमध्ये तिचे रूपांतर करा आणि मग मोफत मिळणाऱ्या व्हेरापीडीएफ या तपासणीच्या साधनावर तपासा. फाइल स्वतःला पीडीएफ/ए म्हणवते ते केवळ मेटाडेटातील (फाइलविषयीच्या माहितीतील) नोंदीच्या आधारे. ती नोंद खरी आहे की नाही, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

प्रतिसाद २

वरील उत्तराशी सहमत आहे, पण जुन्या अंकांबाबत सावध करतो. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. त्यामुळे सांगड असते, पण ती चुकीची असते. तपासणीचे साधन सांगड आहे की नाही एवढेच पाहते आणि खिचडी असलेली फाइलही यू पातळीला उत्तीर्ण होऊ शकते. म्हणून त्या अंकांना प्रामाणिकपणे २बी म्हणावे. शोधता येणारा मजकूर हवा असेल तर पानांच्या प्रतिमांवर ओसीआर (चित्रातील अक्षरे ओळखून मजकूर करणे) चालवा. टेसेरॅक्ट या ओसीआर प्रणालीला मराठी येते आणि त्याच्या आधारे चालणारे ओसीआरमायपीडीएफ मुळातच पीडीएफ/ए तयार करते. मुद्रितशोधन मात्र माणसानेच करायला हवे.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. नव्या अंकाची चाचणी घेतली. फॉन्ट युनिकोड असूनही कॉपी केलेल्या मजकुरात ‘स्थिती’सारख्या शब्दांतली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते. हे कशामुळे?

प्रतिसाद २

पीडीएफमध्ये आकार ज्या क्रमाने रेखाटले जातात त्याच क्रमाने साठतात, आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे काढली जाते. यावर उपाय म्हणजे शब्दाच्या टॅगला ‘अ‍ॅक्च्युअल टेक्स्ट’ हा गुणधर्म देऊन खरा युनिकोड मजकूर सोबत ठेवणे. निर्यातीत तो आपोआप येतो का, हे एका पानावर पाहा. आला नाही तर त्याच मजकुराची लिबरऑफिसमधून काढलेली पीडीएफ ताडून पाहा आणि दोन्ही एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर ऐका.