मदत हवी आहे: दिवाळीत पाहुण्या मुलांना डोंगराळ भागात फुकट किंवा अगदी कमी खर्चात काय दाखवावे?

काळीमाती

नमस्कार. येत्या शुक्रवारी माझी नणंद तिच्या दोन मुलांना घेऊन पुण्याहून चार दिवसांसाठी आमच्याकडे येत आहे आणि मला तातडीने सल्ला हवा आहे. आमचा तालुका डोंगराळ आहे, गाव अगदी डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि आसपास पाहण्यासारखे पुष्कळ आहे असे सगळेच म्हणतात. पण नेमके कुठे जावे असे विचारले की प्रत्येक जण एकच नाव घेतो आणि ते ठिकाण मुलांनी दोनदा पाहिलेले आहे. मागच्या उन्हाळ्यात धाकटा मला म्हणाला होता, "मामी, तुमच्या गावात काहीच नसतं ना?" ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही. यंदा अतिवृष्टीने कापसाची बोंडे झाडावरच सडली, त्यामुळे गाडी भाड्याने करून फिरवणे आम्हाला शक्य नाही. पैसे लागणार नाहीत किंवा अगदी थोडे लागतील अशा जागा कृपया लवकर सुचवाव्यात.

पैनगंगाकाठ

डोंगराळ तालुका म्हणजे आपण किनवट-माहूरकडच्या असणार असे समजून लिहितो. दिवाळीच्या सुमारास सहस्रकुंडाला पाणी चांगले असते. पैनगंगा तिथे काळ्या खडकावरून खाली कोसळते आणि तो आवाज मुलांनी एकदा ऐकला की त्यांना दुसरे काही सुचत नाही. माहूरला रेणुकामातेचे दर्शन, किल्ला आणि पांडवलेणी एका दिवसात होतात. उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत. एवढे सगळे पाहायला चार दिवस पुरणार नाहीत.

बालाघाटी

किनवटच कशावरून? डोंगर पाटोद्यालाही आहेत. सौताड्याला विंचरणा नदीची धार खोल दरीत पडते आणि तळाशी रामेश्वराचे देऊळ आहे. पायऱ्या उतरून जाताना गारवा अंगाला जाणवू लागतो. शिवाय नायगावच्या अभयारण्यात पहाटे मोर दिसतात. मी माझ्या मुलांना दरवर्षी नेतो.

अंजनछाया

ताई, आपण तालुका सांगितलेला नाही, मुलांची वये सांगितलेली नाहीत, घरून आणखी कोण बरोबर येणार आहे आणि वाहन काय आहे तेही लिहिलेले नाही. मराठवाड्यात डोंगर तीन-चार दिशांना आहेत. एवढे कळल्याशिवाय दिलेला सल्ला आपल्या उपयोगी पडणार नाही. मुलांनी दोनदा पाहिलेले ठिकाण कोणते, तेही सांगावे.

काळीमाती

क्षमा असावी, घाईत लिहिले. आमचा तालुका सोयगाव आणि गाव बनोटीच्या जवळ. दोनदा पाहिलेले ठिकाण अर्थातच अजिंठा. ते आमच्याच तालुक्यात येते म्हणून मला वेगळे सांगावेसे वाटले नाही. थोरली मुलगी नववीत आहे आणि तिला गणिताची आवड आहे, धाकटा दहा वर्षांचा आहे. बरोबर मी, नणंद आणि आमचे सासरे अण्णा. अण्णांचे गुडघे दुखतात, पण नातवंडे घराबाहेर निघाली की त्यांना घरी बसवत नाही. घरी एक मोटारसायकल आहे, पण यजमान हरभऱ्याच्या पेरणीत असल्यामुळे तिचा उपयोग होणार नाही. माहूर आणि सौताडा दोन्ही सुंदर असतील, परंतु आमच्यापासून फार दूर आहेत.

लेणीवेडा

तरीही मी अजिंठ्याचाच आग्रह धरतो. दोनदा पाहिले म्हणजे पाहून झाले असे अजिंठ्याच्या बाबतीत म्हणता येत नाही. एका फेरीत एकच लेणे घ्यावे आणि तासभर तिथेच बसावे. तिकीट ४० रुपये आहे आणि १५ वर्षांखालील मुलांना ते लागत नाही. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढे लक्षात ठेवावे.

सातमाळा

त्यांनी अजिंठा नको असे स्पष्ट लिहिले आहे. शिवाय खर्च केवळ तिकिटाचा नसतो. फर्दापूरच्या फाट्यावर उतरल्यावर लेण्यांपर्यंतच्या बसचे भाडे प्रत्येकाला जाता-येता वेगळे द्यावे लागते. त्यापेक्षा लेणापूरच्या बाजूने डोंगरमाथ्यावरच्या व्ह्यू पॉइंटला जावे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली, ती समोरच्या डोंगरावरून. वाघूर नदीचे नालेच्या आकाराचे वळण आणि त्यात ओळीने कोरलेली लेणी एका नजरेत येतात. मुलांनी लेणी दोनदा आतून पाहिली आहेत, आता ती वरून पाहू द्यावीत.

अंजनछाया

आता चित्र स्पष्ट झाले. ताई, आपण ज्या जागेत राहता तिथून सुतोंडा किल्ला हाकेच्या अंतरावर आहे आणि आपण त्याचा उल्लेखही केला नाही, याचे मला आश्चर्य वाटते. नायगावातून वर जायला आम्हाला लहान मुलांसह तास-सव्वा तास लागला. तिथे मुलांना दाखवण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे दरवाजा. दरवाजा बांधण्यासाठी डोंगराची सोंडच कापून काढलेली आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना सरळ तासलेला कातळ आणि मधून आपण चालतो. माझ्या मुलाने त्या कातळावरच्या छिन्नीच्या खुणांवर बोट फिरवले आणि विचारले, "इथला सगळा दगड कुठे नेला?" त्याचे उत्तर मला देता आले नाही, पण पुढच्या वाटेवर आम्ही त्याचाच विचार करत होतो. माथ्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी इतकी आहेत की मुलांना ती मोजण्याचे काम द्यावे. काही टाक्यांच्या आत खांब राखलेले आहेत. मात्र गवत उंच वाढलेले असेल, म्हणून काठी आपटत चालावे, टाक्यांच्या कडेला मुलांचा हात धरावा आणि प्रत्येकामागे दोन लिटर पाणी न्यावे. तिकीट नाही, दुकानही नाही.

काळीमाती

सुतोंड्याला आमच्याकडचे लोक गुरे घेऊन जातात, म्हणून तो पाहायला जायचा असतो हे कधी डोक्यातच आले नाही. पण अण्णांचे काय करावे? त्यांना तो चढ झेपणार नाही.

गावशिव

माझ्या मते ही उत्तम संधी आहे. आपण घरातली एक खोली नीट करून तिची पर्यटकांसाठी निवासव्यवस्था म्हणून नोंदणी करावी. शहरातील लोक चुलीवरची भाकरी आणि ठेचा यांसाठी चांगले पैसे देतात.

सातमाळा

त्यांनी व्यवसायाबद्दल विचारलेले नाही. घरी येणारी मुले नात्यातली आहेत आणि ती चार दिवसांवर आली आहेत. या विषयासाठी वेगळा धागा काढावा ही विनंती.

अण्णांबद्दल सांगतो. त्यांचे वय ७५ पूर्ण असेल तर राज्यात एसटीने कुठेही त्यांचा प्रवास मोफत आहे. आधार कार्ड तेवढे जवळ ठेवावे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचे तिकीट अर्धे झाले आहे, ते आपल्याला, नणंदेला आणि थोरल्या मुलीला लागू होते. धाकटा दहा वर्षांचा, म्हणजे त्याचेही अर्धेच तिकीट. पाच जणांत पूर्ण तिकीट कोणालाच पडत नाही. गाडी भाड्याने करण्याचा विचार मनातून काढून टाकावा आणि बनोटीच्या थांब्यावर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आजच विचारून ठेवावी, कारण आपल्या भागात सगळी अडचण परतीच्याच गाडीची असते.

झराझुळूक

बनोटीजवळच्या धारकुंडाचे नाव अजून कोणीच कसे घेतले नाही? यंदा पाऊस जास्त झाला आहे, म्हणजे दिवाळीतही धार असणारच. मुलांना मनसोक्त डुंबू द्यावे. शहरातल्या तरणतलावाला तासाचे पैसे मोजावे लागतात.

अंजनछाया

डुंबण्याच्या सल्ल्याला माझा पूर्ण विरोध आहे. कुंडाचा तळ वरून दिसत नाही, कडेचे खडक शेवाळलेले असतात आणि यंदाच्या पुराने कुठे काय खचले आहे हे गावातल्या माणसालाही सांगता येणार नाही. ज्यांना पोहता येते असे लोकही अशा कुंडांत बुडालेले आहेत. बनोटीचे अमृतेश्वर मंदिर पाहून पुढे धारकुंडापर्यंत चालत जावे, लांब बसून डबा खावा, पाय ओले करायचे ते ओढ्याच्या उथळ पाण्यात करावेत. कुंडात उतरू नये.

झराझुळूक

आमचे सगळे बालपण अशा कुंडांत गेले, आम्हाला काही झाले नाही. तरीही मुले पुण्याची आहेत आणि सोबत पोहणारा जाणता माणूस नाही, हे मी लक्षात घेतले नव्हते. माझा सल्ला मी मागे घेतो. पाहायला मात्र नक्की न्यावे.

भास्करप्रेमी

थोरलीला गणिताची आवड आहे असे वाचले, म्हणून लिहिल्याशिवाय राहवले नाही. चाळीसगावहून सुमारे १८ किलोमीटरवर पाटणादेवी आहे. तिथल्या शिलालेखातून आपल्याला कळते की भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापन केला; त्याचा काळ इ.स. १२०७ चा आहे. ज्या मुलीला गणित आवडते तिने आठशे वर्षांपूर्वी गणिताची शाळा जिथे भरत होती त्या जमिनीवर एकदा उभे राहावे, असे मला मनापासून वाटते. देऊळ डोंगराच्या कुशीत आहे आणि अण्णांनाही तिथे निवांत बसता येईल.

लेणीवेडा

पाटणादेवी खानदेशात येते. विचारणा मराठवाड्याबद्दल आहे.

भास्करप्रेमी

डोंगर एकच आहे. वर कन्नडचे पठार, खाली चाळीसगाव आणि मधले जंगल गौताळा-औट्रामघाट अभयारण्याचे, जे दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले आहे. १९८६ मध्ये ते घोषित झाले तेव्हाही त्याला हद्दीचा अडथळा वाटला नाही. बनोटीहून चाळीसगाव एसटीने सोयीचे पडते, म्हणून सुचवले.

वाकाटक

लेणीवेडा यांच्या आग्रहाला आणि काळीमाती यांच्या अडचणीला जोडणारी एक जागा आहे, ती म्हणजे जंजाळ्याचे घटोत्कच लेणे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख तिथे आहे, आणि अजिंठ्याचे सोळा क्रमांकाचे लेणे करवून घेणाराही हाच वराहदेव. मुलांनी सोळावे लेणे पाहिलेले आहे, तेव्हा त्यांना सांगावे की त्याच माणसाचे दुसरे लेणे पाहायला आपण निघालो आहोत. अजिंठ्याला रांगेतून पुढे सरकावे लागते. इथे आम्ही गेलो तेव्हा संपूर्ण सकाळ आमच्याशिवाय कोणी नव्हते. वटवाघळांचा वास येतो, त्याची मुलांना आधी कल्पना द्यावी. एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: या सगळ्या डोंगरांत कातळाला आग्या मोहोळे असतात. अत्तर लावून जाऊ नये, धूर करू नये आणि धाकट्याला दगड मारू देऊ नये.

अण्णांना घेऊन जायचे असेल तर मात्र घटोत्कच नको, वेताळवाडी घ्यावी. हळदा घाटाच्या रस्त्यावरूनच किल्ल्याची तटबंदी आणि बुरूज समोर उभे दिसतात. अण्णा आणि नणंद खाली सावलीत थांबल्या तरी त्यांना किल्ला दिसत राहील, आणि आपण मुलांना घेऊन वर जाऊन याल. उत्तर टोकाला दोन कमानींची एक इमारत आहे, तिला हवामहाल म्हणतात. त्या कमानीत मुलांना बसवावे. खाली सोयगावकडचा सगळा मुलूख पसरलेला दिसतो आणि वारा इतका असतो की बोललेले ऐकू येत नाही.

माळवद

सगळे जण चढायच्या जागा सांगत आहेत, म्हणून घरच्या दोन गोष्टी सांगतो. दिवाळीची अमावास्या आहे, रात्री चंद्र नाही. जेवणे झाल्यावर घराच्या माळवदावर घोंगडी अंथरावी, अंगणातला दिवा मालवावा आणि डोळे सरावेपर्यंत दहा मिनिटे गप्प पडून राहावे. आकाशगंगा डोक्यावरून गेलेली दिसते, नऊच्या सुमारास पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका वर आलेला असतो. देवयानी दीर्घिकेचा पुसट ठिपका सापडला तर मुलांना सांगावे की हा प्रकाश २५ लाख वर्षे चालत आला आहे. पुण्यात हे आकाश कितीही पैसे दिले तरी मिळत नाही. बिबट्याचा वावर आहे, म्हणून रात्री मुलांना शेतात मात्र नेऊ नये.

दुसरी गोष्ट सीताफळांची. आपल्या डोंगरात ती आपोआप उगवतात आणि हे त्यांचेच दिवस आहेत. डोळे उघडलेले सीताफळ, म्हणजे खवल्यांच्या मधली रेघ पांढरट-पिवळी झालेली, तेच तोडायचे. हे अण्णांनी मुलांना शिकवावे. तोडलेली फळे धान्यात पुरून ठेवायची आणि रोज सकाळी दाबून पाहायची. पहिल्या दिवशी घातलेले तिसऱ्या दिवशी मऊ होते. चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी याहून चांगला हिशेब नाही.

काळीमाती

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा मी अण्णांना वाचून दाखवला. सुतोंड्याचे नाव निघाले तेव्हा ते जेवता जेवता थांबले. लहानपणी चार वर्षे ते तिथे गुरे राखत होते, हे या घरात लग्न होऊन सोळा वर्षे झाली तरी मला ठाऊक नव्हते. कोणत्या टाक्याचे पाणी माणसांचे आणि कोणत्या टाक्याचे गुरांचे, हे त्यांनी मला ताटातल्या भाकरीच्या तुकड्यांनी मांडून दाखवले. वर चढणार नाही, नायगावात पारावर बसतो, पण खुणा सांगून मुलांना पाठवतो, असे त्यांनी ठरवले आहे. ते ७७ वर्षांचे आहेत आणि त्यांचे आधार कार्ड मी आजच पिशवीत टाकले.

शुक्रवारी सीताफळे आणि माळवद, शनिवारी सुतोंडा, रविवारी वेताळवाडी आणि सोमवारी थोरलीसाठी पाटणादेवी, असा बेत केला आहे. धारकुंड पुढच्या खेपेला. एकच विचारायचे राहिले: वेताळवाडीला जाताना सोयगावहून हळदा घाटाकडे सकाळी गाडी मिळते का?

सातमाळा

मिळते, पण दिवाळीत गाड्यांच्या वेळा पुढे-मागे होतात. सोयगावच्या स्थानकात चौकशीच्या खिडकीवर विचारावे आणि वाहकाला किल्ल्याच्या पायथ्याशी उतरायचे आहे असे चढतानाच सांगून ठेवावे, म्हणजे अण्णांना जास्त चालावे लागणार नाही. रविवारी सकाळी उन्हाच्या आत वर पोहोचावे.